भावनांचा नकाशा : हडसनच्या मुली ते संस्थांचे जाळे

१/ १९३२ चा शरद ऋतू. न्यूयॉर्क राज्यातील हडसन येथील मुलींच्या सुधारगृहातून अवघ्या दोन आठवड्यांत १४ मुली पळून गेल्या. एवढ्या मुली एकदम का पळाल्या? याचे कारण त्यांच्या स्वभावात शोधावे, की अन्यत्र?

२/ मानसोपचारतज्ज्ञ जेकब मोरेनो आणि त्यांच्या सहकारी हेलन जेनिंग्ज तेथे संशोधन करीत होते. त्यांचा प्रश्न साधा होता : तुला कोणाबरोबर राहायला आवडेल आणि कोणाबरोबर नाही?

३/ उत्तरांवरून आकृत्या तयार झाल्या. मुलगी म्हणजे वर्तुळ. ओढ वा नावड म्हणजे रेषा. हाच ‘सोशिओग्राम’. पळून जाण्याची कल्पना याच अदृश्य रेषांवरून एकीकडून दुसरीकडे गेली, असे मोरेनोंचे प्रतिपादन होते. ३ एप्रिल १९३३ रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने या आकृत्यांना भावनांचा नवा भूगोल म्हटले.

४/ येथे भावना व्यक्तींच्या होत्या. पुढे विसाव्या शतकाच्या अखेरीस, एकट्याला न पेलणारी कामे मिळून करणाऱ्या उद्योगांच्या ‘सहयोगी जाळ्यां’चा अभ्यास सुरू झाला. अशी युती केवळ पैशावरून मोडत नाही. आपल्याला डावलले जात आहे, ही भावनाही ती पोखरते. पण ही भावना मोजायची कशी?

५/ दोन सिद्धान्त कामी आले. जेम्स रसेल यांनी १९८० मध्ये भावना दोन अक्षांवर मांडल्या : सुखद-दुःखद आणि उत्तेजित-शांत. ऑर्टनी, क्लोर व कॉलिन्स यांनी १९८८ मध्ये दाखवले की, घटना आपल्या उद्दिष्टांशी ताडून पाहण्यातून भावना उपजते. उद्दिष्टे आणि घटना संगणकाला सांगता येतात. म्हणून भावनेचे प्रतिमान रचणे शक्य झाले.

६/ लिस्बनच्या नोव्हा विद्यापीठातील लुईस कामारिन्या-मातोस आणि फिलिपा फेराडा यांनी हा विचार संस्थांना लावला. संस्थेला हृदय नसते. येथे ‘भावना’ हे साम्यावर आधारलेले रूपक आहे. सहभाग, कामगिरी, अपेक्षापूर्ती यांवरून प्रत्येक सदस्याची, तसेच संपूर्ण जाळ्याची भावस्थिती अनुमानली जाते.

७/ हडसनमध्ये मुलींना विचारले गेले होते. येथे नोंदींवरून ताडले जाते. लाभ असा, की युती तुटण्याआधी इशारा मिळू शकतो. धोका असा, की दुखावलेल्या सदस्याचे मौन समाधान म्हणून नोंदले जाऊ शकते. म्हणूनच प्रतिमान कितीही प्रगत झाले, तरी मोरेनोंचा तो साधा प्रश्न विचारावाच लागतो.