पाठच्या बहिणीचं नाव

आमच्या घरी गेले आठ दिवस एकच विषय चालू आहे. नात झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत, दवाखान्यातून घरी आली आहेत, आणि आता बारसं तोंडावर आलंय तरी नावाचा पत्ता नाही.

नातवाच्या वेळी एवढा घोळ झाला नव्हता. त्याचं नाव इथे लिहायचं नाही अशी सूनबाईंची ताकीद आहे, तेव्हा एवढंच सांगते की ते तीन अक्षरी आहे आणि 'अ'पासून सुरू होतं. आता सगळ्यांचं म्हणणं, की बहिणीचं नाव त्याला शोभायला हवं. म्हणजे काय, तर तेही 'अ'चं हवं. अन्वी, अनया, आर्वी, आद्या... मोबाइलवर याद्या येताहेत. दुसरीकडे विहीणबाईंनी पंचांग काढलं. रोहिणी नक्षत्र, म्हणून ओ, वा, वी, वू यांपैकी अक्षर हवं. वाणी आणि वीणा ही दोन नावं त्यांनी सुचवली. दोन्ही सूनबाईंना जुनी वाटतात. चिरंजीव लॅपटॉपमधून मान वर न करता म्हणतात, "आई, तू मराठीची शिक्षिका ना? मग तूच सांग."

मी अजून काही सांगितलेलं नाही. पण रात्री झोप येत नाही तेव्हा नावंच डोक्यात फिरतात, म्हणून हे लिहायला बसले.

भावाबहिणींची नावं एका अक्षराची किंवा एका यमकाची ठेवायची ही हौस फार जुनी नसावी असं मला वाटतं. माझ्या हजेरीपटावर ती दिसायला लागली ती सत्तर-ऐंशीच्या दशकात. अनिता, सुनीता, विनिता. एकदा एकाच घरातल्या तिघी माझ्या शाळेत होत्या. एकीला मैदानावरून हाक मारली की तिघी वळून बघायच्या! त्याआधीही कुठे कुठे असेल. मंगेशकरांच्या घरातली नावं बघा. लता, मीना, आशा, उषा, सगळी दोन अक्षरी, सगळी आकारान्त. त्यातही लताबाईंचं मूळ नाव हेमा. भाऊ मात्र हृदयनाथ. त्याचं नाव वडिलांच्या दीनानाथला जोडलेलं, बहिणींची एकमेकींना.

पण त्याही मागे गेलं, की नावं जुळायची ती आवाजाने नव्हे, अर्थाने. तुकोबांच्या मुली काशी, भागीरथी आणि गंगा. मुलगे महादेव, विठोबा, नारायण. देहूच्या त्या घरात खायची भ्रांत होती, पण अंगणात उभं राहून मुलींना हाका मारल्या की काशीयात्रा घडत होती. नामदेवांच्या घरी नारा, विठा, गोंदा, म्हादा हे चार मुलगे, आणि सुना लाडाई, गोडाई, येसाई, साखराई. लाड, गोड, साखर! या नावांनी त्या घरात आल्या की आल्यावर त्यांना ती मिळाली, कोण जाणे. लेकीचं नाव मात्र लिंबाई. मला या घराची फार गंमत वाटते.

आणि मग आळंदी. आमच्या मारुंजीहून गाडीने तास-दीड तास, हिंजवडीची गर्दी आडवी आली तर दोन. पाठच्या बहिणीचं नाव कसं असावं याचं मराठीतलं सगळ्यात मोठं उदाहरण इतक्या जवळ आहे, आणि आम्ही मोबाइलवर याद्या बघतोय.

निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता. जन्म अनुक्रमे शके ११९५, ११९७, ११९९ आणि १२०१, म्हणजे इसवी सन १२७३ ते १२७९. दुसऱ्या एका परंपरेत ११९०, ११९३, ११९६, ११९९ अशी वर्षं येतात. दोन्हींत अंतर सारखं, एकीत दोन-दोन वर्षांचं, दुसरीत तीन-तीन. कीर्तनकार ही नावं ओळीने उलगडून सांगतात. आधी संसारातून निवृत्ती, मग ज्ञान, मग सोपान म्हणजे जिना, आणि शेवटी मुक्ती. (माझ्यातल्या मास्तरणीला नेहमी वाटतं की जिना ज्ञानाच्या आधी हवा होता. असो.)

हे लहानपणापासून ऐकलेलं. पण ही नावं ठेवणारा बाप कोण होता, याचा विचार मी फार उशिरा केला. विठ्ठलपंत आपेगावचे. आळंदीच्या सिधोपंतांची मुलगी रुक्मिणी त्यांना दिलेली. बायकोला सोडून ते काशीला गेले, संन्यास घेतला, आणि त्यांना बायको आहे हे कळल्यावर गुरूंनी त्यांना परत संसारात पाठवलं. संन्यास मोडून घरी आलेला माणूस. गावाने वाळीत टाकलेला. त्याला पहिला मुलगा होतो आणि त्याचं नाव तो निवृत्ती ठेवतो! ज्या गोष्टीवरून जग दारात थुंकत होतं, तिचंच नाव लेकराला. मला त्यात अध्यात्म दिसतंच, पण हट्टही दिसतो. आणि चौथ्या खेपेला मुलगी झाली तेव्हा त्याने ओळ मोडली नाही. मुलगी म्हणून वेगळं, साधंसुधं नाव देऊन मोकळा झाला नाही. तीन भावांनी चढत आणलेलं वाक्य तिच्या नावावर पुरं केलं.

त्या बारशाला कोण आलं असेल? वाळीत टाकलेल्या घरी पाळणा म्हणायला बायका तरी जमल्या असतील का?

पुढे आईवडील देहान्त प्रायश्चित्तासाठी गेले आणि मुलं उघडी पडली. लोकांच्या बोलण्याने दुखावलेल्या ज्ञानदेवांनी ताटी लावून घेतली, तेव्हा बाहेर उभं राहून समजावणारी हीच धाकटी. ज्ञानेश्वरी पुरी झाली शके १२१२ मध्ये, म्हणजे मुक्ता तेव्हा दहा-बारा वर्षांची. चांगदेवांसारख्या योग्याने तिला गुरू मानलं. ज्ञानदेवांच्या समाधीनंतर, १२९७ साली, ती तापीकाठी विजेच्या लखलखाटात नाहीशी झाली असं सांगतात. जळगाव जिल्ह्यातल्या त्या एदलाबादचं नाव आता मुक्ताईनगर आहे. तिथून दर वर्षी तिची पालखी पंढरपूरला निघते. चौघा भावंडांत तालुक्याला नाव मिळालं ते शेंडेफळाचं.

तिचं नाव तिच्याजवळ राहिलं, याला एक साधं कारण आहे. तिचं लग्न झालं नाही.

कारण लग्न झालं की आपल्याकडे नाव जायचं. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्याने अंगठीने त्यात नवं नाव लिहायचं, पेढे वाटायचे. डॉक्टर आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना. न्यायमूर्ती रानड्यांच्या रमाबाईही माहेरच्या यमुना. लक्ष्मीबाई टिळक मनकर्णिका गोखले होत्या, तर झाशीच्या लक्ष्मीबाईही मनकर्णिकाच. आनंदीबाई लग्नात नऊ वर्षांच्या होत्या. म्हणजे भावंडांत शोभणारं नाव मुलीला वापरायला मिळायचं ते जेमतेम नऊ-दहा वर्षं. मग त्यावर डोकं कोण चालवणार?

माझंही गेलं. आम्ही बहिणी नद्या. थोरल्या दोघींना नद्यांची नावं, तिसरी मी, मलाही नदीचं. बी.ए.चं प्रमाणपत्र त्या नावाचं, पगारपत्रक सासरच्या नावाचं, आणि मध्ये राजपत्रातली जाहिरात. माहेरचं नाव घेऊन हाक मारणारं आता एकच माणूस उरलंय.

ते माणूस म्हणजे माझी पाठची बहीण. चौथीही मुलगीच झाली तेव्हा आमच्या माण तालुक्यातल्या घरी नद्या संपल्या. तिचं नाव नकुसा ठेवलं. असं नाव ठेवलं की पुढचा मुलगा होतो म्हणत. तीन वर्षांनी भाऊ झाला, आणि नाव लागू पडलं म्हणून आजीने गावभर सांगितलं. मीही आनंदाने गूळ वाटत फिरले होते. सात-आठ वर्षांची होते मी.

त्याहून मोठी चूक पुढे केली. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एक शेतकरी मुलीला पहिलीत घालायला आला. "नाव?" "नकुसा." माझ्या हातात दाखलखारिजाचं रजिस्टर होतं. नाव काय लिहायचं हे बापाशी दोन शब्द बोलून ठरवता आलं असतं. त्याने बहुधा हरकतही घेतली नसती. घरी माझ्या बहिणीचं काय होत होतं ते मला ठाऊक होतं. तरी मी सुवाच्य अक्षरात 'नकुसा' लिहिलं आणि जन्मतारीख विचारली. ती मुलगी चौथीनंतर शाळेत दिसली नाही.

२०११च्या ऑक्टोबरमध्ये सातारा जिल्ह्यात एक कार्यक्रम झाला. नकुसा, नकोशी अशी नावं असलेल्या २८५ मुलींना एकाच वेळी नवी नावं देण्यात आली. काहींनी देवींची नावं घेतली, काहींनी सिनेमातल्या नट्यांची. पेपर वाचून मी बहिणीला फोन केला. म्हटलं, "अगं, तुझ्या वेळी असं कुणी केलं असतं तर?"

ती हसली. म्हणाली, "आक्का, माझं झालं की गं. तांदळात." तिला सासरी फुलाचं नाव मिळालं. मांडवात ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती रडली होती, आणि आम्ही सगळ्या समजलो माहेर सुटतंय म्हणून रडतेय. नाव बदलण्याच्या चालीवर मी आयुष्यभर वर्गात, भाषणांत आणि घरात तोंडसुख घेतलं. त्या दिवशी फोनवर मला पुढे काही बोलता आलं नाही. आजही त्या चालीबद्दल माझं मत बदललेलं नाही, पण बोलताना आवाज जरा खाली येतो.

तर नातीचं नाव. हे नाव जन्माच्या दाखल्यावर, आधारवर, पुढे पासपोर्टवर जाणार आणि तिने स्वतः बदललं नाही तर जन्मभर राहणार. माझ्या आईला लेकीचं नाव निवडताना एवढा पल्ला बघावा लागला नव्हता. म्हणून 'अ'ला 'अ' जुळवण्यात माझं मन रमत नाही. भाऊ दहावीला जाईल तेव्हा त्या जुळणीचं कौतुक संपलेलं असेल.

काल मुलाला आणि सूनबाईंना समोर बसवून एवढंच विचारलं, की नातवाच्या नावाचा अर्थ काय? मुलाला आठवेना. सूनबाईंना अर्धा आठवला. मी शब्द फोडून सांगितला. मग बराच वेळ तिघं त्या अर्थाच्या पुढचं काय येतं ते शोधत बसलो. शेवटी तो शब्द सूनबाईंनाच सापडला. 'अ'चा नाही, आणि रोहिणीच्या चार अक्षरांतलाही नाही. विहीणबाईंना सांगायचं काम चिरंजीवांकडे दिलंय.

नाव कानात सांगायचा मान आत्याचा, म्हणजे माझ्या लेकीचा. ती कालपासून पाठीत धपाटे खायची तयारी करतेय. बारसं रविवारी खालच्या क्लबहाऊसमध्ये आहे. माझी बहीण शनिवारी दहिवडीहून एसटीने निघणार आहे. तिला स्वारगेटहून आणायला कोण जाणार, ते अजून ठरायचंय.