चांदीपुरा आणि मेंदूची तटबंदी

इतिहास म्हटला की आपल्याला राजे आणि लढाया आठवतात. आजारांनाही इतिहास असतो, आणि त्यातले एक प्रकरण आपल्या महाराष्ट्रातले आहे.

१९६५ साली नागपूर भागात तापाची साथ होती. दोन रुग्णांच्या रक्तात पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राला एक नवा विषाणू सापडला. त्याला चांदीपुरा या गावाचे नाव मिळाले. १९६७ मध्ये भट आणि रॉड्रिग्ज यांनी त्याची माहिती प्रसिद्ध केली. साधा ताप आणणारा विषाणू, एवढीच तेव्हा त्याची ओळख होती.

योगायोग असा की, त्याच १९६७ साली अमेरिकेत एक जुने कोडे सुटले. १८८५ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ एर्लिख यांनी प्राण्यांच्या रक्तात रंग टोचला होता. सगळे शरीर रंगले, मेंदू मात्र कोरा राहिला. रीझ आणि कार्नोव्स्की यांनी सूक्ष्मदर्शकातून दाखवले की, मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात. रक्तातले नको ते आत जाऊ नये म्हणून निसर्गाने बांधलेली ही तटबंदी!

या दोन गोष्टींचा संबंध पुढे कळला. २००३ साली आंध्र प्रदेशात ३२९ मुलांना मेंदूच्या तापाने गाठले, त्यातली १८३ दगावली. अनेक मुले रुग्णालयात दाखल झाल्यावर दोन दिवसांच्या आत गेली. तपासात नाव निघाले चांदीपुराचे. महाराष्ट्रालाही त्या वर्षी झळ लागली.

अशा संसर्गात शरीर विषाणूशी लढायला जी रसायने सोडते, त्यांनीच तटाचे सांधे सैल होऊ शकतात. मग मेंदूतल्या रक्षक पेशी खवळतात, सूज येते. कवटी बंद पेटीसारखी, सुजेला जागा कुठली? म्हणजे किल्ला शत्रूइतकाच आतल्या धावपळीनेही पडतो. इतिहास शिकवताना हे मी मुलांना अनेकदा सांगितले आहे, तिथे किल्ले दगडाचे होते एवढेच.

२०२४ मध्ये गुजरातेत ही साथ पुन्हा आली. या विषाणूवर आजही खास औषध नाही, लसही नाही. तो पसरवते वाळूमाशी. डासाहूनही लहान, मातीच्या भिंतींच्या भेगांत आणि गोठ्यांत राहणारी. अशी घरे, असे गोठे आपल्या नगर जिल्ह्यातही खेडोपाडी आहेत. म्हणून वाचकहो, भेगा लिंपाव्यात, गोठा कोरडा ठेवावा, आणि तापात मुलाला झटके आले तर अंगारा-धुपारा करत न बसता थेट दवाखाना गाठावा. तिथे तासांचा हिशेब असतो.

आजाराला गावाचे नाव देऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सुचवले. चांदीपुराला मात्र त्याचा उपयोग नाही. त्या गावाचा यात काय दोष होता?