बन्यनने कोणाला सांगितले?

जॉन बन्यनचे नाव मराठी वाङ्मयेतिहासात येते ते हरि केशवजींच्या 'यात्रिकक्रमण' (१८४१) या भाषांतरामुळे. आम्हांला येथे विचार करायचा आहे तो मात्र त्याच्या १६६६ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनाचा.

ख्रिस्तावर जीव जडलेल्या या माणसाच्या मनात 'ख्रिस्ताला विकून टाक' हा विचार सुमारे वर्षभर घुमत राहिला. बन्यन हाताकोपरांनी त्याला प्रत्यक्ष ढकलू पाही. पण जितका प्रतिकार, तितका विचाराचा जोर. अखेर थकून मन क्षणभर नमले आणि आपल्या हातून अक्षम्य पाप घडले, या भयाने तो खचला. धीर करून त्याने हे भय एका वयोवृद्ध धर्मबंधूपाशी बोलून दाखवले. आपल्यालाही तसेच वाटते, असे त्या गृहस्थाने सांगितले!

१९७८ साली रॅकमन आणि डी सिल्व्हा या मानसशास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की असे नकोसे विचार निरोगी माणसांच्याही मनात येतात. फरक असतो तो वारंवारतेचा, तीव्रतेचा आणि त्यातून होणाऱ्या यातनेचा. विचार येणे म्हणजे तशी इच्छा असणे नव्हे. आज यावर उपचार आहेत. भारतात २०२२पासून 'टेली-मानस'चा १४४१६ हा दूरध्वनी क्रमांकही आहे.

तरीही पहिली कबुली बहुधा ओळखीच्या माणसापाशीच दिली जाते. एखादा विद्यार्थी आमच्यासारख्या शिक्षकांपाशी असे काही बोलला, तर त्या वृद्धाचे उत्तर आमच्या तोंडून निघू नये. निवाडा न करता ऐकून घेणे आणि तज्ज्ञाकडे त्याच्यासोबत जाणे, एवढे तरी साडेतीन शतकांनंतर आम्हांला जमायला हवे.