टापांखालची जमीन

महालक्ष्मीच्या रेसकोर्सला उजाडायच्या आधी जाग येते. तबेल्यांत दिवे लागतात, सईस घोड्यांना खरारा करतात, खोगीर चढवलं जातं आणि एकामागून एक घोडा वाळूच्या ट्रॅककडे निघतो. वर्तमानपत्राच्या रेसच्या पानावर या सरावाची बारीक अक्षरांत नोंद येते. कोणत्या घोड्याने आतल्या वाळूवर 600 मीटर किती सेकंदांत कापले, तो सहज धावला की त्याला रेटावं लागलं, हे त्यात असतं. रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबची दोनशे वर्षांहून मोठी वाटचाल मला त्या ‘आतल्या वाळू’त दिसते. डर्बी कोणी जिंकली हे पुष्कळांना आठवतं. तो घोडा ज्या जमिनीवर रोज सकाळी घडला, ती कोणी राखली हे मात्र कुणी विचारत नाही.

या वाटचालीची सुरुवात 1802 मधली. मुंबईतल्या काही हौशी मंडळींनी बॉम्बे टर्फ क्लब स्थापन केला आणि भायखळ्याच्या मोकळ्या मैदानावर शर्यती भरू लागल्या. मुंबई तेव्हा घोड्यांच्या व्यापाराचं मोठं बंदर होती. आखाती मुलखातून अरबी घोडे जहाजांनी इथे उतरत. पुढे शहर वाढत गेलं आणि क्लबला नवी जागा शोधावी लागली. 1883 मध्ये शर्यती महालक्ष्मीला आल्या.

ही जमीन मुळात भरतीच्या पाण्याखाली जाणारी. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात वरळीची खाडी बांध घालून अडवली, तेव्हा इथला सखल पट्टा हळूहळू कोरडा झाला. अशा जमिनीवर 2400 मीटरचा लंबगोल ट्रॅक राखायचा, म्हणजे दर वर्षी पाण्याशी नव्याने तडजोड करायची. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. भिजून मऊ झालेल्या हिरवळीवर भरधाव घोडे सोडले, तर घोडेही जायबंदी होतील आणि मैदानही.

यावरचा तोडगा घाटावर होता. पुण्यात 1830 पासून लष्कराच्या जमिनीवर शर्यती होत होत्या आणि तिथला पाऊस मुंबईच्या मानाने फारच कमी. म्हणून पावसाळ्यात पुणे आणि हिवाळ्यात मुंबई असा क्रम बसला. आजही जुलैपासून दिवाळीच्या आसपासपर्यंत हंगाम पुण्याला असतो. मग घोडे, सईस, जॉकी, ट्रेनर, नालबंद असा सगळा संसार घाट उतरून महालक्ष्मीला येतो. याला कोणी रिवाज म्हणेल. मला तो जमिनीला दिलेला विसावा वाटतो. शेतकरी रान पड टाकतो, त्यातलाच हा शहाणपणा आहे.

1925 मध्ये संस्था वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब झाली आणि 1935 मध्ये तिच्या नावात ‘रॉयल’ आलं. 1943 मध्ये पहिली इंडियन डर्बी धावली. बडोद्याच्या महाराजांच्या प्रिन्सेस ब्यूटिफुल या घोडीने ती जिंकली. भारतात जन्मलेल्या घोड्यांसाठीच्या या शर्यतीने देशी पैदाशीला बळ दिलं. 1946 मध्ये पुण्याजवळ पूनावाला स्टड फार्म उभा राहिला. आता दोन वर्षांची, हाडं पुरती न भरलेली शिंगरं सरावाला येणार होती आणि त्यांना सांभाळून घेणारी जमीन हवी होती.

जमीन म्हणजे काय, ते घोड्याच्या पायात पाहावं. साडेचारशे-पाचशे किलोचं जनावर ताशी 60 किलोमीटरच्या वेगाने धावतं, तेव्हा क्षणभर एकाच पायावर त्याच्या वजनाच्या दुपटीहून जास्त भार येतो. पुढच्या पायाला गुडघ्याखाली स्नायू जवळजवळ नाहीत. तिथे असतं हाड, कंडरा आणि त्यांना बांधणारे बंध. हा धक्का अर्धा पायाने सोसायचा आणि अर्धा जमिनीने. जमिनीने आपला वाटा उचलला नाही, की कंडरा सुजते, कधी हाड तडकतं.

म्हणून रोजची मेहनत वाळूवर करून घेतात आणि हिरवळ शर्यतींसाठी जपतात. पण वाळू नुसती ओतून भागत नाही. थर जाड झाला तर पाय रुततो आणि कंडरेवर ताण येतो. थर पातळ झाला तर खूर खालच्या कठीण तळावर आपटतो. कुंपणालगत सगळेच धावतात, त्यामुळे तिथे चर पडतो. टापांनी दाणे झिजून बारीक होतात आणि पाण्याचा निचरा मंदावतो, मग नवी वाळू मिसळावी लागते. घोडे पुढे गेले की ट्रॅक्टरला जोडलेला हॅरो वाळूवरून फिरतो. शेतातल्या कुळवाचाच हा भाऊ. कोरड्या दिवसांत पाणी मारावं लागतं, कारण ओलावा असला तरच वाळू खुराला धरते.

हिरवळीची राखण वेगळी. शर्यतीच्या दिवशी पेनेट्रोमीटर नावाचं साधन लावतात. ठरावीक वजन ठरावीक उंचीवरून टाकल्यावर दांडा जमिनीत किती शिरतो, हे ते मोजतं. तो आकडा जाहीर होतो. काही दिवशी मूळ कुंपणापासून काही मीटर बाहेर तात्पुरतं कुंपण घालतात, म्हणजे आतल्या कडेच्या तुडवलेल्या गवताला उसंत मिळते. काही घोड्यांना मात्र जमिनीपासूनच विसावा लागतो. ज्याच्या पायावर भार टाकायचा नाही, त्या घोड्याला पोहायला नेतात. पाण्यात छाती आणि स्नायू राबतात, सांध्यांना धक्का बसत नाही. या मैदानावर राबता फक्त शर्यतीच्या घोड्यांचा नाही. इथेच 1942 पासून अमॅच्युअर रायडर्स क्लब घोडेस्वारी शिकवतो आहे. याच मोकळ्या जागेत रोज हजारो मुंबईकर चालायला येतात.

क्लबचा या जागेचा 1914 चा 99 वर्षांचा भाडेकरार 2013 मध्ये संपला आणि जागेच्या भवितव्यावर दहा वर्षं वाद चालला. 2024 मध्ये निर्णय झाला : 211 एकरांपैकी 120 एकर सार्वजनिक उद्यानासाठी महापालिकेकडे, 91 एकर 2023 पासून 30 वर्षांसाठी क्लबकडे. मुंबईसारख्या शहरात मोकळ्या जागेवर लोकांचा हक्क आहे, तो मला मान्य आहे. पण उद्यानाचा आराखडा करणाऱ्यांनी एक सकाळ वाळूच्या कडेला उभं राहून काढावी, एवढी माझी कळकळीची विनंती आहे. तबेल्यापासून ट्रॅकपर्यंतची वाट घोड्याला बुजवणारी नको. ती घसरडी नको. पावसाचं पाणी उद्यानातून ट्रॅककडे वळायला नको. आणि वाळू राखणाऱ्यांची गणती शोभेच्या खर्चात व्हायला नको.

क्लबचा हा नवा करार 2053 पर्यंत चालेल. आज सरावाला आलेल्या शिंगरांच्या कित्येक पिढ्या तोवर या वाळूवरून धावून जातील. त्यांच्यातली किती धडधाकट पायांनी तबेल्यात परतली, यावरून मी या संस्थेची पुढची वाटचाल मोजेन.