कडेवरचे प्रवासी

१८१६ साली कलकत्त्याहून इंग्लंडला धाडलेल्या एका पाच वर्षांच्या मुलाचे जहाज वाटेत सेंट हेलेना बेटाला लागले. सोबतच्या नोकराने त्याला खाली उतरवले, खडकांवरून आणि टेकड्यांवरून लांबवर चालवत नेले आणि एका बागेशी आणून उभे केले. बागेत एक गृहस्थ फेऱ्या मारत होता. तो बोनापार्ट, नोकर म्हणाला. रोज तीन मेंढ्या फस्त करतो आणि हाताला लागतील तेवढी लहान मुलेसुद्धा. तो मुलगा म्हणजे पुढचा कादंबरीकार विल्यम थॅकरे. चार जॉर्ज राजांवरच्या व्याख्यानांत, चाळिशी उलटून गेल्यावर, त्याने ही आठवण सांगितली. युरोप जिंकलेला माणूस पोराच्या डोक्यात बागुलबुवा होऊन राहिला. याच थॅकरेला १८४४ मध्ये पी. अँड ओ. या जहाज कंपनीने भूमध्य समुद्राच्या फेरीचे तिकीट फुकट दिले. जिब्राल्टर, माल्टा, अथेन्स, कॉन्स्टँटिनोपल, याफा, कैरो अशी ती फेरी होती, आणि तिच्यावर त्याने लिहिलेले पुस्तक १८४६ मध्ये निघाले. हौशी जलपर्यटनाचा इतिहास सांगणारे बहुतेक जण या पुस्तकाचा हवाला देतात. एक गोष्ट मात्र सहसा कोणी सांगत नाही. त्या वेळी थॅकरेला दोन मुली होत्या, एक सात वर्षांची आणि एक चार. त्यांची आई मानसिक आजाराने ग्रासलेली होती. मुली पॅरिसला आजीकडे होत्या.

माझे म्हणणे या दोन प्रसंगांत सामावलेले आहे. बंदरावर उतरून गाव पाहून यायचे ही रीत मोकळ्या हातांच्या माणसासाठी पडली. ज्या घरात तान्हे किंवा रांगते मूल होते त्या घराला ती साधली, ती मूल दुसऱ्या कोणीतरी कडेवर घेतले म्हणूनच: कधी नोकराने, कधी आजीने. दोन वर्षांच्या मुलाला घेऊन क्रूझवर गेलो तर बंदराच्या दिवशी करायचे काय, हा आजच्या आईबापांना पडणारा प्रश्न नवा वाटतो. तो पावणेदोनशे वर्षांचा आहे. काळाप्रमाणे बदलत गेली ती फक्त कड.

जहाज बंदरात थांबायचेच का, इथून सुरुवात केली पाहिजे. प्रवाशांना प्रेक्षणीय स्थळे दाखवावीत म्हणून ते थांबत नसे. आगबोटीचे पोट कोळशाचे, आणि ते दर काही दिवसांनी भरावे लागे. एडन, सुएझ, पोर्ट सैद, माल्टा, जिब्राल्टर ही नावे हिंदुस्थान ते इंग्लंड प्रवासाच्या प्रत्येक वर्णनात येतात, कारण तिथे कोळशाचे ढीग होते. १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाल्यावर पोर्ट सैद तर कोळशावरच वाढले. मजुरांच्या रांगा टोपल्या घेऊन फळ्यांवरून धावत चढत, काळ्या धुळीचा लोट उठे, खोल्यांच्या गोल खिडक्या घट्ट लावून घ्याव्या लागत आणि आतल्या उकाड्याने जीव नकोसा होई. ज्याला शक्य होते तो किनाऱ्यावर पळे. सायमन आर्त्झच्या प्रसिद्ध दुकानात टोप्या आणि सिगारेटी घ्यायच्या, कॉफी प्यायची, धूळ बसली की परत यायचे. किनाऱ्यावरच्या सहलीचे मूळ असे निर्वासितांच्या पळापळीसारखे आहे. पुढे १८९१ च्या जानेवारीत हॅम्बुर्ग-अमेरिका कंपनीच्या अल्बर्ट बालिनने ‘ऑगस्टा व्हिक्टोरिया’ ही बोट २४१ प्रवासी घेऊन भूमध्य समुद्रात नेली. हिवाळ्यात अटलांटिकवर गिऱ्हाईक नसे आणि एवढी महाग बोट रिकामी उभी ठेवणे परवडत नव्हते, हे त्यामागचे खरे कारण. जवळजवळ दोन महिन्यांच्या त्या फेरीत बंदरोबंदरीच्या सहली कंपनीने आखून दिल्या. कोळशाने लावलेली सवय अशी विक्रीचा माल झाली. या सगळ्या हिशेबात, आधी कोळशाच्या आणि मग रिकाम्या बोटीच्या, लहान मूल कुठेच बसत नव्हते.

तरी बोटींवर मुले होतीच, आणि पुष्कळ होती. इथे कोणी हरकत घेईल की हौशी फेऱ्यांवर श्रीमंत प्रौढच जात. त्यांच्या इतिहासात मुले शोधायची कशाला? हरकत रास्त आहे, पण अपुरी. किनाऱ्याची रीत टपालबोटींवर घडली, आणि हिंदुस्थानातले इंग्रज अधिकारी पाच-सात वर्षांची होईपर्यंत मुले मायदेशी पाठवत असल्यामुळे या बोटींवर पाळण्यातल्या बाळापासून पुढचे सगळे वय हजर असे. त्यांना सांभाळायला आया असे. हा शब्दही आपल्याकडे पोर्तुगिजांबरोबर बोटीतूनच आला. बाळ सांभाळत समुद्र ओलांडणे हा काही बायकांचा कायमचा धंदा झाला होता. मेमसाहेबाला समुद्र लागला की मुलाचे खाणेपिणे, धुणे, रात्रीचे जागरण सारे आयाकडे. मेमसाहेब बरी झाली आणि एडनला उतरली, तरी मूल आयाकडेच. लंडनला पोचल्यावर मात्र कित्येकींना बिदागी देऊन वाऱ्यावर सोडले जाई. त्यांच्यासाठी तिथे ‘आयाज होम’ नावाचे वसतिगृह चाले. १९०० पासून ते हॅक्नी भागात किंग एडवर्ड्स रोडवर होते. त्याचा व्यवहार मोठा चतुर होता. जे कुटुंब आयाला घेऊन येई ते तिचे परतीचे तिकीट या घरात जमा करी. हिंदुस्थानला निघालेले दुसरे कुटुंब ते विकत घेई, आया त्यांची मुले सांभाळत परत येई, आणि मधल्या काळातला तिच्या जेवणाराहण्याचा खर्च त्या पैशांतून भागे. पारेरा आडनावाच्या एका आयाच्या नावावर हिंदुस्थान आणि इंग्लंडमधल्या ५४ फेऱ्या नोंदल्या आहेत. रोझिना विस्राम यांनी १९८६ मध्ये आया आणि लस्कर म्हटले जाणारे खलाशी यांच्यावर पुस्तक लिहिले, तोवर या बायका इतिहासात जवळजवळ नव्हत्याच. त्यांच्या मालकिणींची प्रवासवर्णने मात्र ग्रंथालयांत शेल्फभर आहेत.

बरे, ज्या मुलांसाठी एवढी व्यवस्था, त्यांना बंदरातून काय मिळाले? रुडयार्ड किपलिंगची साक्ष इथे कामाची आहे. मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारात जन्मलेला हा मुलगा आपल्या पोर्तुगीज आयाबरोबर, म्हणजे बहुधा गोव्याच्या किंवा वसईकडच्या ख्रिस्ती बाईबरोबर, सकाळी फळबाजारात जाई, आणि ती रस्त्याकडेच्या क्रुसापाशी प्रार्थना करताना शेजारी उभा राही. १८७१ मध्ये, पाच वर्षांचा असताना, त्याला इंग्लंडला नेले. म्हातारपणी लिहिलेल्या आत्मचरित्रात त्या प्रवासाचे जे उरले ते इतकेच: दोन्ही बाजूंची नजर अडवणारे बोटीच्या चाकांचे भलेमोठे अर्धवर्तुळ, वाळवंटातली आगगाडी, आणि समोरच्या बाकावर शालीत गुंडाळलेली एक लहान मुलगी. कालवा तेव्हा खुला झाला नव्हता असे तो लिहितो. ते चूक आहे. कालवा होऊन वर्षाहून अधिक काळ लोटला होता, पण टपालाच्या करारापायी पी. अँड ओ. चे काम अजून इजिप्तच्या रेल्वेनेच चालले होते. प्रौढाला माहीत असायला हवी ती गोष्ट चुकली, आणि मुलाने पाहिलेली शाल पक्की राहिली. बंदर एकही आठवत नाही. त्याच्या जन्मशहरातला फळबाजार मात्र आठवतो, कारण तिथे तो रोज कोणाचे तरी बोट धरून जात होता.

आपल्याकडचे उदाहरणही याच वळणाने जाते. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला निघाल्या तेव्हा मनोरमा नुकतीच दोन वर्षांची झाली होती. रमाबाईंकडे नोकरचाकर नव्हते, विधवा बाईने समुद्र ओलांडण्यावर पुण्यात गदारोळ चालला होता, तरी त्या एकट्या निघाल्या नाहीत. आनंदीबाई भगत त्यांच्यासोबत होत्या. त्याच वर्षी ‘इंग्लंडचा प्रवास’ हे रमाबाईंचे पत्ररूप पुस्तक निघाले. दोन वर्षांची मुलगी जवळ असताना बाईने प्रवासवर्णन लिहायचे, तर बोटीवर आणखी दोन हात हवेतच.

पोर्ट सैदमध्ये मुलांच्या वाट्याला काही आले असेल तर ते वेगळ्याच वाटेने. ‘गली गली’ म्हणून ओळखले जाणारे जादूगार बोटीवर चढत आणि डेकवर बसून प्रवाशांच्या कानामागून, कोटाच्या खिशातून जिवंत कोंबडीची पिल्ले काढून दाखवत. एडनला पाण्यात फेकलेली नाणी काढायला पोरे सूर मारत. ते कठड्याशी उभे राहून दिसे. फेरीवाल्यांच्या होड्या बोटीला बिलगत आणि दोरीला बांधलेल्या टोपल्या वरखाली होत. मूल जिथे होते तिथेच राहिले आणि किनारा त्याच्याकडे चढून आला. तासाभराचा खेळ, सावली, पाणी जवळ, झोप आली की खोली दहा पावलांवर. ही योजना कुठल्याही कंपनीने आखली नव्हती, तरी पुढच्या शंभर वर्षांत कंपन्यांनी आखलेल्या बहुतेक सहलींपेक्षा ती मुलांना अधिक मानवणारी होती.

कोकणी वाचक इथे थांबवेल. मुंबईहून निघालेली बोट दाभोळ, जयगड, देवगड, मालवण करीत वेंगुर्ल्याकडे जाई. अनेक ठिकाणी ती बाहेरच उभी राही आणि माणसे पडावात उतरत. हेलकावणाऱ्या पडावात खलाशी हातोहात मुले झेलत. कडेवर पोर, काखोटीला गाठोडे अशा हजारो बायका उतरल्या, त्यांना कुठली आली आया? खरे आहे. पण ती माणसे गाव पाहायला उतरत नव्हती, घरी जायला उतरत होती. एकदा पाय वाळूला लागला की काम संपले. चार तासांनी तेच पोर, आता भुकेले आणि उन्हाने रापलेले, घेऊन त्याच पडावातून पुन्हा वर चढायचे नव्हते. शिवाय बंदरावर घ्यायला आलेला मामा असे, म्हणजे तिथेही कड तयारच होती. पावसाळ्यात बोटी बंद असत, हेही विसरू नये. या प्रवासाने भाषेला ‘बोट लागणे’ हा प्रयोग दिला, आणि बोटी गेल्यावर तो एस्टीला चिकटला. मुंबईच्या भाऊ अजिंक्यांचे नाव त्यांनी बांधलेल्या धक्क्यामुळे अजून लोकांच्या तोंडी आहे. बोटीतून थेट कोरड्या जमिनीवर पाय टाकता येणे ही किती मोठी गोष्ट आहे, ते मूल कडेवर असलेल्या माणसालाच कळते.

१९४७ नंतर साहेबाची मुले गेली, मग विमानांनी टपालबोटीही घालवल्या. जहाज कंपन्या क्रूझकडे वळल्या तेव्हा गिऱ्हाईक म्हणून जे अमेरिकन कुटुंब समोर आले त्याच्याकडे आया नव्हती. अडचण दोन बाजूंनी सोडवली गेली. एकीकडे बोटीवर पाळणाघर आणि मुलांचे क्लब आले. १९८४ मध्ये सुरू झालेल्या प्रीमियर कंपनीने आपल्या लाल बोटी थेट मुलांच्या कुटुंबांसाठीच चालवल्या. दुसरीकडे कंपन्यांनी किनाराच बदलला. नॉर्वेजियन कंपनी १९७७ पासून आपले प्रवासी बहामातल्या ग्रेट स्टिरप के या बेटावर नेऊ लागली. डिस्नेची पहिली बोट १९९८ मध्ये निघाली तेव्हा तिच्यासाठी बहामातल्याच गोर्डा के बेटाला कॅस्टअवे के हे नाव मिळाले होते, आणि बोट सरळ लागावी म्हणून समुद्राचा तळ खोदून धक्का बांधलेला होता. ढकलगाडी धक्क्यावरून वाळूपर्यंत जाते, मुलांची जागा वेगळी, मोठ्यांचा किनारा वेगळा. कोकोके बेटावर लहान होड्यांतून प्रवासी नेणाऱ्या रॉयल कॅरिबियननेही २०१९ मध्ये धक्का उभारला.

हा कसला प्रवास, हे तर भाड्याचे नाटक, असे म्हणणारे भेटतात. त्यांचे निम्मे मला पटते. बोट कंपनीच्या बेटावर उभी राहते त्या दिवसाची टॅक्सीवाल्याची आणि बाजारातल्या बाईची कमाई बुडते, आणि मोठ्या माणसाला परक्या मुलखातले काहीही न पाहता घरी परतता येते. हा तोटा खरा आहे. मात्र तो मुलाच्या माथी मारू नये. दोन वर्षांच्या मुलासाठी वाळू ही वाळूच असते, तिला राष्ट्रीयत्व नसते. त्याला अक्रोपोलिस दाखवणारे आईबाप ते स्वतःसाठी पाहत असतात, आणि तसे कबूल करायला हरकत नाही. मला जास्त खटकते ती दुसरी गोष्ट. पाळणाघरापासून जेवणघरापर्यंत आजच्या क्रूझवर राबणारे हात फिलिपिन्सचे, इंडोनेशियाचे, आणि पुष्कळदा आपल्या गोव्याचे असतात. महिनोन्महिन्यांच्या कंत्राटावर गेलेल्या या माणसांची स्वतःची मुले साल्सेतमध्ये आजीच्या कडेवर वाढतात. कड बदलली म्हणतो तेव्हा ती किती बदलली, हा प्रश्न राहतोच.

मुंबईहून २०२१ पासून कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीच्या फेऱ्या गोवा आणि लक्षद्वीपकडे निघू लागल्या. लक्षद्वीपची खाजणे उथळ असल्याने मोठी बोट बाहेर नांगर टाकते आणि लहान होडीतून बेटावर जावे लागते, म्हणजे पुन्हा पडावच. तेव्हा तान्ह्या मुलाला घेऊन निघणाऱ्यांनी सहलींची रंगीत पत्रके बाजूला ठेवून आधी बंदरांची यादी काढावी. बोट धक्क्याला लागते की बाहेर उभी राहते, परत चढायला किती तास मिळतात, बोटीवर पाळणाघर असल्यास ते कोणत्या वयापासून घेते आणि बंदराच्या दिवशी उघडे असते का, हे बुकिंगच्या आधी विचारून घ्या. बाहेर उभी राहत असेल तर त्या दिवशी एकाने उतरावे, दुसऱ्याने मुलाजवळ थांबावे, आणि पुढच्या बंदरात पाळी बदलावी.