जीपची पुढची काच

मोटारीचा इतिहास सांगताना आपण इंजिनाविषयी बोलतो, चाकांविषयी बोलतो. पुढच्या काचेविषयी सहसा कोणी बोलत नाही. काच धड असेपर्यंत तिच्याकडे लक्ष जात नाही. तडा गेला की मग ती दिसू लागते. नोकरीच्या काळात पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांतील रस्ते आम्ही जीपमधूनच तुडविले. त्यामुळे या काचेशी आमचा जुना परिचय आहे, आणि आमच्या हातून घडलेली एक चूकही तिच्याशी निगडित आहे.

जीप ही मूळची अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धासाठी घडविलेली गाडी. पुढे १९४५ साली स्थापन झालेल्या आणि नंतर ‘महिंद्र आणि महिंद्र’ या नावाने ओळखल्या गेलेल्या कंपनीने पेट्यांतून आलेले सुटे भाग जोडून ती मुंबईत उभी करण्यास त्या दशकाच्या उत्तरार्धात प्रारंभ केला. म्हणजे आपल्याकडे जीप आली तीच मुळी जोडणीची गाडी म्हणून. गोव्यात पोर्तुगीज अमदानीत मोटारी परदेशांतून थेट येत. १९६१ च्या मुक्तीनंतर आयातीवर निर्बंध आले आणि त्या गाड्यांचे भाग मिळेनासे झाले. जीपचे भाग मात्र मिळत. खाणींवर, सरकारी खात्यांत आणि आपल्यापैकी काहींच्या घरीही ती स्थिरावली. लिलावात निघालेल्या जीपांपैकी एकीचे इंजिन, दुसरीची चॅसी आणि तिसरीची बॉडी घेऊन चौथी तयार करणारे कारागीर आपण सर्वांनी पाहिले आहेत.

या जोडकामात पुढची काच सर्वांत सोपी मानली जाई. युद्धकाळातील जीपला पुढे दोन सपाट काचा असत. नंतरच्या नमुन्यांत एकच सपाट काच आली. चौकटीला बिजागऱ्या असल्यामुळे ती बॉनेटवर आडवी पाडता येई. काचेला बाक नसल्याने तसबिरींना काचा बसविणारा कोणीही माप घेऊन तासाभरात ती कापून देई. या सोयीतच धोका दडलेला होता.

१९८० च्या दशकात एकदा आम्ही डिचोलीहून अस्नोडा, कोलवाळमार्गे पेडण्यास निघालो होतो. पुढे खनिजाचा टिप्पर होता. त्याच्या चाकाखालून उडालेला खडा काचेवर आदळला आणि एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत तडा गेला. दुसऱ्या दिवशी चालकाने दोन दर आणले. एक मोटारीच्या काचेचा, दुसरा साध्या काचेचा. दोहोंत अंतर बरेच होते. काच कापणारा म्हणाला, “सायबा, काच ती काच.” आम्ही कमी दराच्या बिलावर मंजुरीची सही केली आणि सरकारचा पैसा वाचविल्याचे समाधानही मानले. पुढल्याच पावसाळ्यात पुन्हा तसाच खडा आला. या वेळी तडा गेला नाही. काचेच्या लांब, टोकदार फाळी चालकाच्या कपाळावर आणि हातावर आल्या. डोळा थोडक्यात वाचला. चालकाने आम्हांला कधी दोष दिला नाही. कपाळावरचा व्रण मात्र आमच्या नजरेसमोर रोज येत असे.

हा धोका जगाला तेव्हा नवा नव्हता. एदुआर बेनेदिक्तुस या फ्रेंच चित्रकार-रसायनज्ञाच्या हातून १९०३ मध्ये काचेचे एक पात्र पडले. ते फुटले, पण तुकडे विखुरले नाहीत. आत वाळलेल्या सेल्युलोज नायट्रेटच्या पातळ थराने त्यांना धरून ठेवले होते. मोटार अपघातांत काचेने होणाऱ्या जखमांच्या बातम्या त्याने वाचल्या आणि दोन काचांमध्ये असा थर घालण्याची युक्ती काढली. १९०९ मध्ये त्याने तिचे पेटंट घेतले. पहिल्या महायुद्धात ही काच वायुरोधक मुखवट्यांत वापरली गेली. फोर्डच्या १९२८ च्या ‘मॉडेल ए’ गाडीला पुढे अशीच काच होती. कडक तापवून झोताने एकदम थंड केलेली ‘टफन्ड’ काच निराळी. फुटल्यावर तिचे बारीक दाणे होतात. परंतु पुढे बसविल्यास फुटताक्षणी ती पांढुरकी होऊन रस्ता दिसेनासा होतो. आपल्याकडे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत सुरक्षा-काच आली आणि १९९३ च्या दुरुस्तीनंतर नव्या गाड्यांना पुढे थरांचीच, म्हणजे लॅमिनेटेड, काच सक्तीची झाली.

जुन्या जीपवाल्यांनी यावरून निराश होण्याचे कारण नाही. टफन्ड काच एकदा तयार झाली की कापता येत नाही. सपाट लॅमिनेटेड काच मात्र येते. दोन्ही अंगांनी हिऱ्याने रेघ ओढून ती तोडायची आणि मधला थर पात्याने सोडवायचा. कापणाऱ्याचे कसब आणि चालकाची सुरक्षितता यांत विरोध नाही. तो आम्ही आमच्या काटकसरीने निर्माण केला होता.

गेल्या वर्षी पेडण्यातील एका आप्ताने जुळवून उभी केलेली जीप आमच्या समोर आली. तिच्या काचेलाही तडा होता. पण येथे दगड लागलेला नव्हता. चौकटीचे दोन कर्ण मोजले, तर त्यांत अंतर निघाले. चौकट पिळली होती, खालची कड गंजली होती आणि रबर वाळल्याने काच थेट लोखंडावर टेकली होती. अशा चौकटीत कितीही चांगली काच घातली तरी ती तडकणारच. म्हणून आधी चौकट सरळ करविली, गंज काढून रंग दिला, पुठ्ठ्याचा साचा घालून पाहिला आणि नवे रबर आणले. मग काच कापावयास दिली. स्क्रू एका बाजूने न आवळता आळीपाळीने, हलक्या हाताने बसविले.

काच आली तेव्हा आम्ही ती उजेडात धरून तिची कड पाहिली. दोन काचा आणि त्यांमधली बारीक रेघ स्पष्ट दिसली. मगच बिल चुकते केले.