शालेय व्यसनप्रतिबंध

विद्यार्थ्यांना तंबाखू, मद्य व अमली पदार्थांपासून दूर ठेवण्याचे उपाय. महाराष्ट्रात व्यसनाची सुरुवात बहुधा मिसरी, तंबाखू, गुटख्याची पुडी किंवा सिगारेटने होते. काही मुले रुमालावर थिनर ओतून हुंगतात. मित्रांचा आग्रह, कुतूहल, घरातील व्यसन व सहज उपलब्धता ही प्रमुख कारणे.

2003च्या कायद्याने शिक्षणसंस्थेपासून 100 यार्डांच्या आत तंबाखूविक्रीस बंदी आहे. तंबाखूमुक्त शाळा उपक्रमात ही हद्द रस्त्यावर पिवळ्या रेषेने आखतात. बालन्याय अधिनियम, 2015 (कलम 77) अन्वये मुलाला मादक पदार्थ देणाऱ्यास 7 वर्षांपर्यंत सक्तमजुरी व 1 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. महाराष्ट्रात 2012पासून गुटखाबंदी आहे.

केवळ धाक दाखवणारी व्याख्याने फारशी उपयोगी पडत नाहीत. नकार देण्याचा सराव, ताण हाताळण्याची कौशल्ये, खेळ आणि पालकांचा सहभाग अधिक परिणामकारक ठरतो. गैरहजेरी, घसरलेले गुण, बदललेली मित्रमंडळी ही लक्षणे दिसल्यास शाळेतून काढण्याऐवजी समुपदेशन करावे. डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने पुण्यात 1986मध्ये सुरू झालेले मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उपचारांबरोबर जनजागृतीही करते. राष्ट्रीय मदतवाहिनी : 14446.